धुराडं कुठं लपवलंय? इंग्लंडमधल्या इस्टेटींच्या फाटकावरची छोटी घरं

इंग्लंडच्या ग्रामीण भागातून जाताना रस्त्याच्या कडेला कधी कधी एक दगडी भिंत सुरू होते आणि मैलभर संपतच नाही. भिंतीपलीकडे मोठमोठी झाडं, अधूनमधून हिरवळ. मग भिंत एकाएकी आत वळते, दोन उंच खांब दिसतात, त्यांच्यामध्ये लोखंडी फाटक, आणि फाटकाला अगदी खेटून एक चिमुकलं घर. घर कसलं, कधी ते छोटं ग्रीक देऊळ असतं, कधी किल्ल्याचा बुरूज, तर कधी परीकथेतली झोपडी. याला म्हणतात गेट लॉज.

तिकडे राहणारी आपली मंडळी पाहुणे आले की त्यांना हमखास एखादी जुनी हवेली दाखवायला नेतात. सगळ्यांचं लक्ष आतल्या महालाकडे, तिथल्या झुंबरांकडे आणि चित्रांकडे. फाटकावरचं हे घर गाडीच्या काचेतून मागे पडतं. मला मात्र वास्तुकला म्हणून ते आतल्या महालापेक्षा जास्त रंजक वाटतं. महाल बांधताना वास्तुकाराच्या हाताशी पैसा आणि जागा दोन्ही मुबलक. इथे मात्र दोन-तीन खोल्यांत त्याला मालकाचा रुबाबही दाखवायचा आणि एका कुटुंबाचा स्वयंपाकही होऊ द्यायचा. या ओढाताणीत खरी पंचाईत होते ती धुराड्याची. चूल आहे म्हणजे धूर आला, धूर आला म्हणजे छपरावर धुराडं आलंच. ते लपवायचं, सजवायचं की मिरवायचं, याचं उत्तर प्रत्येक पिढीने वेगळं दिलं. म्हणून गेट लॉज बघायचं तर आधी मान वर करून छपराकडे बघावं.

आधी इस्टेट म्हणजे काय ते पाहू. मधोमध जमीनदाराची हवेली, तिच्याभोवती शेकडो एकरांचं राखीव उद्यान, त्याला तिकडे 'पार्क' म्हणतात. त्यापलीकडे कुळांनी कसलेली शेतं, जंगल, एखाद-दुसरं खेडं. हवेली रस्त्यावरून दिसत नाही, कधी कधी ती दीड-दोन मैल आत असते. मग रस्त्याने जाणाऱ्याला इथे कोण राहतं हे कळणार कसं? ते सांगायचं काम फाटकाचं. परक्याला अडवायचं, ओळखीच्याला सलाम करून आत सोडायचं आणि रात्री-अपरात्री मालकाची बग्गी आली तर कडी काढायची, यासाठी तिथे माणूस हवा. माणूस आला म्हणजे त्याला घर आलं.

ही कल्पना काही आकाशातून पडली नाही. मध्ययुगात आणि नंतर ट्यूडर काळातही हवेलीच्या पुढच्या चौकाला दरवाज्याची मोठी इमारत असायची. आपल्या वाड्यांच्या देवडीसारखीच व्यवस्था: खाली वाट, बाजूला पहारेकरी, वर खोल्या. वॉरिकशरमधल्या चार्लकोट पार्कला सोळाव्या शतकाच्या मध्यातली अशी विटांची इमारत हवेलीसमोर अजून उभी आहे. कॉर्नवॉलमधल्या लॅनहायड्रॉकची 1651 सालची. ती एके काळी भिंतींनी हवेलीला जोडलेली होती. पुढे अठराव्या शतकात फॅशन बदलली, चौकाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि दरवाजा बागेत एकटाच राहिला. 1881 साली आग लागून हवेलीचा बराच भाग जळाला, दरवाज्याला काही झालं नाही.

हा दरवाजा हवेलीपासून सुटून मैलभर दूर रस्त्यावर जाऊन बसला, यामागे सौंदर्यदृष्टी होती तसं जमिनीचं राजकारणही होतं. अठराव्या शतकात ब्रिटिश संसदेने एकामागून एक कायदे करून गावांच्या सामाईक जमिनी कुंपणात घातल्या. गायरान, सरपणाचं रान, पायवाटा हे सगळं खासगी मालकीत गेलं. जमीनदारांनी आपली उद्यानं वाढवत नेली. मध्ये रस्ता आला तर तो वळवला. रस्ता वळवायला परवानगी देणारे स्थानिक न्यायाधीश बहुधा जमीनदारच असत, त्यामुळे अडचण यायची नाही. काहींनी अख्खी गावं उठवली. ऑक्सफर्डशरमधलं न्यूनम कोर्टने हे गाव 1760च्या दशकात लॉर्ड हारकोर्टने हलवलं, कारण त्याच्या नव्या हवेलीच्या देखाव्यात ते मध्ये येत होतं. डॉर्सेटमध्ये जोसेफ डेमरने मिल्टन गाव उठवून काही अंतरावर मिल्टन अ‍ॅबस वसवलं. याच काळात लॅन्सलॉट ब्राउन (1716–1783), ज्याला सगळे 'केपेबिलिटी' ब्राउन म्हणत, इंग्लंडभर फिरून बागांच्या सरळ रेषा पुसत होता आणि त्या जागी हिरवळीचे उतार, तळी आणि झाडांचे पुंजके आणत होता. हवेलीभोवती आता भिंत नको, दार नको, नुसता गवताचा समुद्र हवा. साहजिकच भिंत आणि दार दोन्ही उद्यानाच्या कडेला ढकलली गेली. दुसरीकडे टोल घेऊन बांधलेले चांगले रस्ते वाढत होते आणि बग्गीतून लांबचा प्रवास करणारे लोकही. रस्त्यावर आता बघणारे डोळे होते. गेट लॉजचा सुवर्णकाळ इथून सुरू झाला.

जाता जाता एक खुलासा. 'लॉज' नाव असलेली प्रत्येक इमारत फाटकावरची नसते. नॉर्थहॅम्प्टनशरमधलं रश्टनचं त्रिकोणी लॉज जगप्रसिद्ध आहे, पण ते सर थॉमस ट्रेशमने 1590च्या दशकात सशांच्या रानाच्या राखणदारासाठी बांधलं. तीन भिंती, तीन मजले, प्रत्येक भिंतीत मजल्याला तीन खिडक्या, वर तीन-तीन त्रिकोण. कॅथलिक ट्रेशमने प्रोटेस्टंट राजवटीत ख्रिस्ती त्रयीवरची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) आपली श्रद्धा दगडात लिहून ठेवली होती. शिकारीची लॉज असत, मेजवानीची असत. इथे फक्त फाटकावरच्या घरांबद्दल बोलू.

आता एखाद्या नमुनेदार प्रवेशाजवळ उभे आहोत असं समजा. पहिली गोष्ट, भिंत फाटकापाशी सरळ येत नाही. दोन्ही बाजूंनी ती पाव वर्तुळाच्या आकारात आत वळते. यात शोभा आहे, पण मुख्य कारण चार घोड्यांची बग्गी. ती अरुंद रस्त्यावरून काटकोनात वळू शकत नाही, शिवाय फाटक उघडेपर्यंत तिला रस्ता न अडवता थांबायला जागा लागते. मग खांब. त्यांच्या डोक्यावर दगडी गोळे, कलश, अननस किंवा घराण्याच्या चिन्हातला प्राणी. अननस कशाला? कारण इंग्लंडमध्ये तो काचेच्या ऊबदार घरात, मोठ्या खर्चाने पिकवावा लागे. दारावर अननस म्हणजे आमच्याकडे हेही परवडतं. खांबांच्या पायाशी बघितलं तर जमिनीतून तिरके वर आलेले बुटके, गोलसर दगड दिसतात. गाडीच्या चाकाचा तुंबा खांबाला घासू नये म्हणून ते बसवलेले असतात. कितीतरी ठिकाणी त्यांच्यावर चाकांच्या घासण्याच्या खोबणी अजून आहेत आणि मला तरी वरच्या सिंहांपेक्षा या खोबणी जास्त बोलक्या वाटतात. मोठ्या फाटकाच्या बाजूला पायी येणाऱ्यांसाठी छोटी दिंडी असते. फाटकातून आत पाहिलं तर वाट थोड्याच अंतरावर झाडांमागे वळते. हवेली लगेच दिसू द्यायची नाही, हा बेत असतो. आधी झाडी, मग तळं, मग पूल, आणि पाहुणा उत्सुक झाला की टेकडी ओलांडताना एकदम समोर हवेली.

या फाटकाच्या घरांची पहिली मोठी लाट रोमन थाटाची होती. तरुण सरदारपुत्र इटलीची यात्रा करून यायचे आणि विजयकमानी डोक्यात घेऊन यायचे. यॉर्कशरमधल्या कॅसल हॉवर्डला जॉन व्हॅनब्रूने 1719 साली जो दरवाजा बांधला, त्याच्या कमानीवर चक्क पिरॅमिड आहे. मैलोन्‌मैल सरळ जाणाऱ्या रस्त्यावर, चढउतारांच्या मधोमध तो पिरॅमिड दुरून दिसतो आणि आजही गाड्या त्या कमानीखालून जातात. पुढे 1756च्या सुमारास त्याला दोन्ही बाजूंना पंख जोडले गेले आणि हवेली बघायला येणाऱ्यांसाठी तिथे खानावळ-मुक्काम सुरू झाला. पर्यटन तेव्हाही होतं.

बकिंगहॅमशरमधल्या स्टोची कोरिंथियन कमान हे या प्रकाराचं टोक. स्टोचा मालक लॉर्ड टेंपल, त्याचा नातलग थॉमस पिट याने 1765 साली तिचा आराखडा केला. 60 फूट उंच, 60 फूट रुंद, हवेलीपासून दीड मैलावर टेकडीच्या माथ्यावर. बघणाऱ्याला ती भरीव दगडाची रोमन कमान वाटते. पण तिच्या दोन जाड पायांमध्ये चार-चार मजल्यांची दोन घरं आहेत! कमानीच्या पायात राहायचं म्हणजे काय, याची कल्पना करा: मजल्यावर जेमतेम खोली, जिना उभा, आणि खिडक्या अशा जागी की दुरून कमानीचं भरीवपण बिघडू नये. मालकाच्या दिवाणखान्यातून देखावा छान दिसावा म्हणून कुणीतरी आयुष्यभर जिने चढत राहिलं.

कमान परवडत नसेल तर दुसरा पर्याय होता जोडलॉजचा: फाटकाच्या दोन्ही बाजूंना हुबेहूब एकसारखी दोन छोटी घरं. चित्रात फार सुरेख दिसतं. राहायला मात्र भयंकर. प्रत्येक घरात एकच बरी खोली, आणि कुटुंब एक. मग स्वयंपाक या बाजूला आणि झोपायचं त्या बाजूला, मध्ये बग्ग्यांची वाट. पावसात, थंडीत, लहान मूल काखेत घेऊन ती वाट ओलांडायची. सममितीसाठी या घरांत आंधळ्या खिडक्याही असत, म्हणजे बाहेरून चौकट आणि आत भिंत. कधी काळ्या रंगाने काचा रंगवलेल्या. आणि धुराडं? ग्रीक देवळाला धुराडं नसतं, हा वास्तुकारांपुढचा यक्षप्रश्न. काहींनी ते छपराच्या अगदी मध्यावर बुटकं ठेवलं, काहींनी मागच्या भिंतीला लावून दर्शनी त्रिकोणाआड दडवलं, काहींनी त्याला कलशाचं रूप दिलं. बुटक्या धुराड्यात धुराला नीट ओढ मिळत नाही, तो खोलीतच कोंडतो. देखण्या फाटकावर राहणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी.

या रोमन थाटातलं मला सगळ्यात आवडतं काम म्हणजे सर जॉन सोनने 1790च्या दशकात बकिंगहॅमशरमध्येच टिरिंगमला केलेलं प्रवेशद्वार. मालक विल्यम प्रेड हा बँकर. मध्ये कमान, दोन्ही बाजूंना खांबांची रांग आणि टोकांना दोन ठोकळेवजा लॉज. सोनने यावरून बहुतेक सगळी नेहमीची नक्षी काढून टाकली. जिथे इतरांनी पानाफुलांचे पट्टे कोरले असते, तिथे त्याने दगडात नुसत्या सरळ रेषा खोदल्या. उन्हात त्या रेषांत बारीक सावली पडते आणि तेवढ्यावर सगळी शोभा उभी राहते. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीचं हे काम आजच्या माणसाला आधुनिक वाटतं. इंग्लंडच्या वारसा यादीत त्याला पहिला दर्जा आहे, जो यादीतल्या शंभरातल्या दोन-तीन वास्तूंनाच मिळतो.

अठरावं शतक संपता संपता वारं फिरलं. युव्हडेल प्राइस आणि रिचर्ड पेन नाइट या दोन जमीनदारांनी 1794 साली 'पिक्चरेस्क'चा झेंडा उभारला. देखावा चित्रासारखा हवा. ओबडधोबड, असमान, जुनाट, वेलींनी झाकलेला. ब्राउनच्या गुळगुळीत हिरवळी त्यांना मिळमिळीत वाटत. बागांचा नवा सल्लागार हंफ्री रेप्टन (1752–1818) त्यांच्याशी भांडला, पण फाटकांच्या बाबतीत तोही जोडलॉजला कंटाळला होता. त्याची पद्धत मजेशीर होती. तो गिऱ्हाइकाला लाल चामड्यात बांधलेली वही द्यायचा. तिच्यात जागेचं आत्ताचं चित्र, त्यावर कागदाची झडप. झडप उचलली की सुधारलेली जागा दिसणार. दाखवायचं आधी, पैसे मग.

नव्या फॅशनने फाटकाच्या घराला मोकळं केलं. आता दोन घरांची गरज नाही, एकाच बाजूला एक घर पुरे. ते सममित असायला नको, म्हणजे स्वयंपाकघर जिथे हवं तिथे काढता येतं. आणि सगळ्यात मोठी सुटका धुराड्याची. झोपडीला धुराडं शोभतंच, धूर निघत असला तर आणखी शोभतं. रानातून येणारा निळसर धुराचा झोत म्हणजे चित्रकाराला हवाच. जॉन नॅशने 1811च्या सुमारास ब्रिस्टलजवळ ब्लेझ हॅम्लेट नावाची नऊ झोपड्यांची वस्ती बांधली. बँकर जॉन हारफर्डच्या निवृत्त नोकरांसाठीची ती घरं, फाटकावरची नव्हेत. पण पुढच्या पन्नास वर्षांतल्या कितीतरी लॉजचं मूळ तिथे सापडतं. नऊच्या नऊ वेगळी, आणि प्रत्येकावर उंच, नक्षीदार विटांचं धुराडं. घर बुटकं, धुराडं उंच. जे लपवायचं होतं तेच आता मिरवायचं झालं.

सफोकमधल्या रेंडलशमला तर कुणीतरी कमालच केली. 1790च्या आसपासचं तिथलं वुडब्रिज लॉज हे गॉथिक चर्चच्या एखाद्या तुकड्यासारखं आहे. मोठ्या चर्चमध्ये भिंतींना बाहेरून आधार द्यायला जे तिरपे दगडी हात असतात, तसे हात या छोट्या घराच्या कोपऱ्यांतून निघून छपरावरून वर झेपावतात आणि मध्यावर एकत्र येतात. तिथे काय आहे? धुराडं. कॅथेड्रलचा सगळा दगडी आटापिटा एका चुलीच्या धुरासाठी. हे विनोद म्हणून केलं की गंभीरपणे, ठरवणं कठीण. बघताना हसू मात्र येतं.

काहींनी नवं न बांधता जुनं उचलून आणलं. पीटरबरोजवळच्या अल्वल्टनमधलं लिंच लॉज हे मुळात घरच नाही. चेस्टर्टनमधल्या जुन्या हवेलीचा तो सतराव्या शतकातला दुमजली दर्शनी सोपा, म्हणजे दारापुढचा मंडप. हवेली पाडली गेली तेव्हा फिट्झविल्यम घराण्याने 1807 साली सोपा दगड-दगड करून सोडवला, इथे आणून पुन्हा रचला आणि आपल्या मिल्टन इस्टेटीच्या फाटकावर उभा केला. खाली एक खोली, वर एक खोली. मोठ्या दरवाज्यातून पाहुणे हवेलीत शिरायचे ती जागा आता कुणाची तरी बैठक झाली.

आतून या घरांची रचना साधी असे. आठ कोनी घर हे वास्तुकारांचं लाडकं, कारण त्याला पाठ नसते; कुठूनही बघा, दर्शनीच. मध्ये धुराड्याचा एकच खांब आणि त्याभोवती खोल्या, म्हणजे एका धुराड्यावर दोन-तीन शेकोट्या. वाईट इतकंच की तिरक्या भिंतींना पलंग लागत नाही नि कपाटही. रस्त्याच्या बाजूला भिंतीतून पुढे आलेली तीन बाजूंची खिडकी हे गेट लॉजचं ओळखीचं लक्षण. तिच्यात बसलं की समोरचं फाटक दिसतं आणि रस्त्याची दोन्ही टोकंही. टोलनाक्यांच्या घरांनाही अशीच खिडकी असे, म्हणून आजही पुष्कळदा दोन्हींत गल्लत होते. ओळखायची खूण सोपी: टोलघराला दराचा फलक लावायची जागा असते आणि ते रस्त्याला अगदी भिडलेलं असतं, तर लॉजला घराण्याचं चिन्ह. संडास, धुणं, कोळसा, डुकराचं खुराडं, वाळत घातलेले कपडे हे सगळं मागच्या छोट्या अंगणात, उंच भिंतीआड. पुढून कपडे वाळत दिसले तर मालकाच्या कारभाऱ्याची चिठ्ठी आलीच म्हणून समजा.

फाटक उघडायचं काम पुष्कळदा बाईच्या वाट्याला यायचं. नवरा त्याच इस्टेटीवर माळी, गाडीवान किंवा शिकारीच्या रानाचा राखणदार. घर मिळायचं ते त्याच्या नोकरीबरोबर, आणि फाटक बायकोने सांभाळायचं हे गृहीत. कधी हे घर म्हाताऱ्या नोकराला किंवा नोकराच्या विधवेला दिलं जाई. बिनभाड्याचं किंवा नाममात्र भाड्याचं, शेकोटीला कोळसा मिळे. पण नोकरी गेली की घर गेलं. घंटा वाजली की हातातलं पीठ झटकून धावायचं, कडी काढायची, गुडघे किंचित वाकवून नमस्कार करायचा. मोठ्या इस्टेटींना एकाहून जास्त फाटकं असत आणि त्यांच्यातही मानपान होता. पाहुण्यांच्या वाटेवरचं लॉज थाटाचं, सामानसुमान येण्याच्या मागच्या वाटेवरचं साधं. लॉज बघून कळायचं की आपण कोणत्या दाराशी उभे आहोत.

व्हिक्टोरियाच्या काळात ही घरं अक्षरशः हजारोंनी झाली. कारण मालक बदलले होते. गिरण्या, खाणी, बँका, रेल्वे यांतून श्रीमंत झालेला माणूस आता छोटीशी इस्टेट घ्यायचा. हवेली मध्यम, पण फाटकावर लॉज पाहिजेच. नमुन्यांची पुस्तकं मिळत. जॉन क्लॉडियस लाउडनने 1833 साली काढलेल्या घरबांधणीच्या जाडजूड ज्ञानकोशातून गावचा गवंडीसुद्धा आराखडा उचलू शकत होता. काचेवरचा कर 1845 साली, विटांवरचा 1850 साली आणि खिडक्यांवरचा 1851 साली उठला; रेल्वेने वेल्सच्या छपरावर घालायच्या दगडी पाट्या कुठेही पोचू लागल्या. यातून आपण चित्रात बघतो तो नमुना तयार झाला: उतरतं उंच छप्पर, त्याच्या कडेला लेससारख्या कापलेल्या लाकडी फळ्या, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या शंकरपाळी काचा, टोकदार दारमंडप, भिंतीवर सालाचा आणि मालकाच्या आद्याक्षरांचा दगड, आणि वर पिळाची किंवा चौकटीची नक्षी असलेली जोड धुराडी. प्रामाणिकपणे सांगायचं तर यातली बरीच घरं मला एकसाची वाटतात. पण चांगल्या हातात हाच प्रकार खुलतो. चेशरमध्ये ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या ईटन इस्टेटीवर जॉन डग्लसने 1880च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेलं एक्लस्टन हिल लॉज बघा. तीन मजली, कोपऱ्यांवर बुरूज, वर उभं चढणारं छप्पर. लॉज कसलं, छोटा गढीचा दरवाजाच. लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये विल्यम ईडन नेसफील्डचं 1867 सालचं विटांचं लॉज याच्या उलट: ठेंगणं घर, डोक्यावर उंच छप्पर आणि त्याच्या मधोमधून वर गेलेलं अवाढव्य धुराडं, जणू घर त्याला टेकण्यासाठीच बांधलंय. क्यू ही सार्वजनिक बाग. तोवर जमीनदारांची ही रीत शहरांतल्या बागांनी, दफनभूमींनी आणि इस्पितळांनीही उचलली होती.

रेल्वेनेही उचलली. लंडनच्या युस्टन स्टेशनासमोर 1870 साली पांढऱ्या पोर्टलंड दगडाची जोडलॉज उभी राहिली आणि त्यांच्या कोपऱ्यांवर गाड्या जिथे जातात त्या गावांची नावं कोरली गेली. मागे ग्रीक थाटाची प्रचंड कमान होती. ती 1960च्या दशकाच्या सुरुवातीला, लोकांचा विरोध डावलून पाडली. लॉज राहिली, आणि त्यांत आता बिअर मिळते.

एवढा पैसा आला कुठून, हा प्रश्न इंग्लंडमध्येही आता उघडपणे विचारला जातो. शेतीचा खंड आणि कोळसा होताच. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या कष्टांवर चाललेले उसाचे मळे होते. आणि ईस्ट इंडिया कंपनी होती. ग्लॉस्टरशरमधलं सेझिनकोट, 1805च्या आसपास कंपनीच्या चाकरीत श्रीमंत झालेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या वास्तुकार भावाने उभारलं, ते तर घुमट आणि छज्जे घेऊन उघडच हिंदुस्थानची आठवण सांगतं. शेजारच्या डेल्सफर्डला ज्याची हवेली होती तो वॉरन हेस्टिंग्ज. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध त्याच्याच कारकिर्दीतलं.

मग हवेल्याच पडू लागल्या. 1870च्या दशकापासून धान्याचे भाव कोसळले, 1894 पासून वारसा कर वाढत गेला, दोन महायुद्धांत वारस गेले, नोकर मिळेनासे झाले, लष्कराने ताब्यात घेतलेल्या हवेल्या मोडक्या होऊन परत आल्या. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हजाराहून जास्त हवेल्या जमीनदोस्त झाल्या. पण फाटकावरची घरं पुष्कळ ठिकाणी वाचली. ती लहान, रस्त्याला लागून, म्हणजे विकायला सोपी. आणि पाडून दगड-लाकूड विकावं एवढा त्यात ऐवजही नाही. रेंडलशमची हवेली 1949 साली गेली, धुराड्याला हात देणारं लॉज आहे. स्टॅफर्डशरमधल्या टिक्सलला 1580च्या सुमाराचा तीन मजली दरवाजा माळावर एकटा उभा आहे. मागे होती ती हवेली गेली, तिच्यानंतर बांधलेली दुसरीही गेली. नॉटिंगहॅमशरमधल्या क्लंबर पार्कची हवेली 1938 साली पाडली. तिकडे जाणारी लिंडन वृक्षांची दुहेरी रांग मात्र दोन मैलांहून लांब, 1,296 झाडांची, अजून आहे. एपलीहेड लॉजच्या फाटकातून शिरून त्या रांगेतून जायचं, आणि शेवटी हवेलीच्या जागी गवतात फक्त पायाच्या खुणा.

आज यातली बहुतेक लॉज खासगी घरं आहेत. 1947 सालच्या नगररचना कायद्यानंतर जुन्या वास्तूंच्या याद्या झाल्या, अनेक लॉज त्यांत आली. हवेली यादीत असेल तर तिच्या आवारातलं 1 जुलै 1948 पूर्वीचं बांधकामही बहुधा आपोआप संरक्षित धरलं जातं. दोन खोल्यांच्या घरात आजचं कुटुंब मावत नाही, तर वाढवायचं कसं? सहसा परवानगी मिळते ती मागच्या बाजूला, पुढून दिसणार नाही अशा बेताने, जुन्या भिंतीला काचेचा अरुंद जोड देऊन. जोडलॉजचं दुखणं आणखी वेगळं: वाट आजही मधूनच जाते, त्यामुळे दोन्ही भाग जोडता येत नाहीत आणि पुष्कळदा वेगवेगळ्या मालकांना विकले जातात. कमानींना धोका मालट्रकांचा. बग्गीच्या मापाने बांधलेल्या कमानीत सामानाची गाडी अडकते, कोपरा उडवते.

प्रत्यक्ष बघायची इच्छा असेल तर सुरुवात लंडनमधूनच होईल. युस्टनची जोडलॉज फुकट, स्टेशनाबाहेर पडलं की समोर. क्यूचं लॉज बागेच्या तिकिटात, टेंपरेट हाउसच्या बाजूला. स्टोला कोरिंथियन कमानीपर्यंत सरळ जाणारा जुना रस्ता चालत गाठता येतो. कॅसल हॉवर्डचा पिरॅमिड तर गाडीतूनच ओलांडता येतो. आणि रात्र काढायची असेल तर टिक्सलचा दरवाजा आणि लिंच लॉज दोन्ही लँडमार्क ट्रस्ट ही संस्था सुटीसाठी भाड्याने देते. अशा अडचणीच्या, कुणाला नको असलेल्या जुन्या वास्तू दुरुस्त करून पाहुण्यांना देण्याचं काम ती 1965 पासून करते आहे.